सतराचा पाढा

सेवकराम पाटावर बसला, पण भाताला त्याने हात लावला नाही. सुमित्राने वरण वाढले, लोणच्याची फोड ठेवली, पाण्याचा गडवा जवळ सरकवला… तरी तो तसाच बसून राहिला. हातमागाच्या खोलीत दिवा लावायचा राहिला होता. आतल्या दाराआड अश्विन श्वास रोखून उभा आहे, हे तिला न पाहताही कळत होते.

“सूत आणाले सोसायटीत गेलतो,” सेवकराम म्हणाला. “चार माणसांत मले विचारलं लोकांनी. तुझ्या बायकोनं शाळेत लिहून देलं म्हणतेत, का ती पोट्ट्याले मारते. खरं हाय का हे?”

सुमित्राने पळी खाली ठेवली. एक ‘नाही’ म्हटले की सगळे संपणार होते. पण ते ‘नाही’ म्हटले असते तर उद्या सकाळी हा माणूस अश्विनला घेऊन शाळेत गेला असता, खरे काय ते बाहेर आले असते, आणि दुपारी शाळा सोडल्याचा दाखला खिशात घालून दोघे परत आले असते.

“खरं हाय,” ती म्हणाली.

सेवकराम ओरडणारा माणूस नव्हता. करुणा गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षे, तो कामापुरतेच बोलत असे. पहिल्या बायकोचे नाव त्याने घरात बंद करून टाकले होते. तिच्या फोटोला तो रोज हार घाली, पण तिच्याबद्दल शब्द काढत नसे, कोणी काढला तर उठून मागावर जाऊन बसे. आज मात्र ते नाव त्याच्या तोंडून आले.

“करुणाचं लेकरू हाय ते.”

“मले माहीत हाय.”

“मायबिगर पोट्टा म्हणून तुले आणलं मी या घरात. माझ्यासाठी नाही आणलं.”

हे सुमित्राला दोन वर्षांपासून माहीत होते. पण माहीत असणे वेगळे आणि ऐकणे वेगळे. चेहऱ्यावर मात्र तिने काही दिसू दिले नाही.

“उद्याच्या गाडीनं आसगावले जा,” तो म्हणाला. “काही दिवस भावाकडे राहा. मग पाहू.”

“जाते,” ती म्हणाली. “पण तुमी जेवा आधी. उपाशी माणसाचं बोलणं मी मनावर घेत नाही.”

तो जेवला नाही. ती ताट झाकून ठेवून कपडे भरायला उठली, तेव्हा दाराआडची सावली हलली आणि आत निघून गेली.

त्या दिवशी सकाळी अकराला शाळेतून फोन आला होता. सेवकराम घरी नव्हता, म्हणून सुमित्रा गेली. पवनीतल्या विणकरांच्या वस्तीपासून शाळा पंधरा मिनिटांच्या वाटेवर. वाटभर तिला वाटत होते, पोराला लागले असेल, पडला असेल, ताप भरला असेल. ऑफिसात शिरली तर अश्विन धडधाकट उभा होता. खुर्चीवर दुसराच मुलगा बसला होता, अंगाने बारीक, ओठाला दोन टाके, स्वेटरवर रक्ताचे डाग.

“हा वीरेंद्र,” वर्गशिक्षिका स्वातीमॅडम म्हणाल्या. त्या पुण्याकडच्या, या वर्षीच बदलून आलेल्या. “आठवीत अश्विनच्याच वर्गात आहे. आसगावहून येतो. जूनपासून अश्विन याला त्रास देतोय. रोज याचा डबा नालीत ओततो, वर्गासमोर याच्या चालण्याची नक्कल करतो. आज ढकललं, बाकाचा कोपरा लागला.”

आसगावचा. सुमित्राच्या माहेरचा. गावातल्या प्रविणचा मुलगा, तिने नाकाडोळ्यांवरून लगेच ओळखले.

मुख्याध्यापकांनी हात टेबलावर ठेवले. “बाई, ही तिसरी तक्रार. आम्ही दोनदा समज दिली. आता दाखला देऊन टाकतो, दुसरीकडे घाला.”

दुसरीकडे म्हणजे कुठे, ते सुमित्राला ठाऊक होते. दुसरीकडे म्हणजे माग. सेवकरामचे स्वतःचे शिक्षण सातवीत सुटले होते. वस्तीतली दोन पोरे अशीच मधल्या वर्षात शाळेतून निघाली आणि मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसली ती बसलीच. अश्विन गणितात हुशार होता. त्याची वही ती रोज चोरून पाहत असे. तिला त्यातले फारसे समजत नव्हते, पण लाल शाईने लिहिलेले शेरे समजत होते.

“थांबा सर,” स्वातीमॅडम मध्येच म्हणाल्या. त्यांचे लक्ष अश्विनच्या हातांकडे गेले होते. अर्ध्या बाहीच्या शर्टातून त्याचे दोन्ही हात दिसत होते, आणि मनगटापासून कोपरापर्यंत लाल वळ होते, एकाखाली एक, छडीने मारावे तसे. “हे काय आहे, अश्विन? घरी कोण मारतं तुला?”

वस्तीतल्या कोणत्याही बाईने ते वळ पाहताच ओळखले असते. ते दोरीचे होते. रविवारी सकाळी गल्लीत नवा ताणा लावला होता. लांबच लांब उभे सूत दोन टोकांना ताणून धरायचे, तर टोकाच्या दोरीचे वेढे हाताला घेऊन मागे रेलावे लागते. ज्याचा हात कोवळा, त्याच्यावर वळ उठतात, चार दिवस राहतात. रविवारी एका टोकाला सेवकराम होता आणि दुसऱ्या टोकाला अश्विन. पण मॅडमला हे कुठून माहीत असणार?

“ज्या मुलाला घरी मार पडतो, तो शाळेत मारतो,” मॅडम मुख्याध्यापकांना म्हणाल्या. “असं असेल तर दाखला देऊन काय उपयोग? याला मदत लागेल, शिक्षा नाही.”

अश्विनने मान वर केली. त्याने मॅडमकडे पाहिले, मुख्याध्यापकांकडे पाहिले, आणि मग सुमित्राकडे. तेरा वर्षांच्या पोराच्या डोळ्यांत सापळ्यातल्या उंदराची भीती होती, आणि समोर एकच बीळ होते.

“आईनं मारलं,” तो म्हणाला.

आई… दोन वर्षांत त्याने तिला एकदाही हाक मारली नव्हती. ‘ऐका ना’, ‘इकडे’, ‘बाबा बोलावतेत’, असे काहीबाही म्हणून तो वेळ मारून नेई. तिने कधी मागितलेही नव्हते. आणि आज तो शब्द आला, तो असा.

मॅडम तिच्याकडे वळल्या. “हे खरं आहे का?”

सुमित्राने त्या पोराकडे पाहिले. त्याचा खालचा ओठ हलत होता. तिने पदर सावरला आणि म्हणाली, “हो. मीच मारते.”

मग दाखल्याचा विषय बाजूला पडला आणि कागद आला. ‘मी मुलाला मारहाण करते, यापुढे करणार नाही.’ तिने खाली सही केली, स्वच्छ, एकेक अक्षर जोडून. ऑफिसातला शिपाई वस्तीशेजारीच राहत होता. संध्याकाळ व्हायच्या आत कागदाची बातमी तिच्या घरापर्यंत पोचली.

सकाळी ती पिशवी घेऊन निघाली, तेव्हा नळावर बाया होत्या. धुरपताबाई सगळ्यांत म्हातारी, सेवकरामची चुलती. तिने नळाखालची घागर हलवली नाही, आवाजही खाली केला नाही.

“सावत्र ते सावत्रच बाप्पा. पाण्यावर कुठं साय येते?”

“काकी, घागर भरली तुमची. सांडून राहिली,” सुमित्रा म्हणाली, आणि मान ताठ ठेवून चालत बसस्टँडवर गेली.

आसगावला भाऊ सोमाजीने काही विचारले नाही. वहिनी गिरजाबाईने मात्र दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, “नणंदबाई, तुमी म्हणे पोट्ट्याले मारता? तुमी? कोंबडी कापाची म्हटलं तर तुमी तळ्यावर पळून जायच्या.”

“तवा लहान होती मी.”

“हातानं लहान का मनानं?”

सुमित्रा हसली, पण सांगितले काही नाही. सांगितले असते तर सोमाजी त्याच दिवशी पवनीला गेला असता. ती खळ्यावर जाऊ लागली. धानाची कापणी होऊन गेली होती. पेंढ्यांचे उंच पुंजणे रचलेले होते, एकेक मोडून मळणी चालली होती. दिवसभर धान उफणायचे, मळलेल्या पेंढ्यांचे तणस आवरायचे, अंगाला धानाची कूस लागून खाज सुटली तरी थांबायचे नाही. काम केले की मन गप्प राहते. तिला मनात थोडा गर्वही होता… हो, गर्वच. आपण काहीतरी मोठे केले, पोराची शाळा वाचवली, त्याची किंमत एकटीने दिली, कोणापुढे रडलो नाही. करुणा असती तर तिनेही हेच केले असते, असे ती स्वतःला सांगे.

नवव्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने शाळेची पोरे उतरली. त्यातला एक रस्ता सोडून खळ्यावर आला आणि पुंजण्याच्या आडोशाला उभा राहिला. ओठावरचे टाके काढलेले, तिथे गुलाबी रेघ.

“आत्या,” तो म्हणाला. सोमाजीची बहीण म्हणून गावातली सगळी पोरे तिला आत्या म्हणत.

“काय रे, वीरेंद्र?”

“त्या दिवशी ऑफिसात तुमी होत्या ना, अश्विनची माय?”

“हो.”

त्याने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. काहीतरी ठरवून आला होता.

“त्याले मारत नका जाऊ,” तो म्हणाला.

सुमित्राच्या हातातले सूप तसेच राहिले.

“तो आता मले काही करत नाही,” वीरेंद्र घाईघाईने पुढे म्हणाला. “मॅडमनं त्याले माझ्या बाकावर बसवलं. मले समजावलं का त्याले घरी मार पडते, म्हणून तो तसा करते. मग मी त्याले सांगतलो का मलेबी पडते. आमचे बाबा पितेत न, तवा. मी त्याले एक गोष्ट शिकवलो.”

“कोणती गोष्ट?”

“मार पडाले लागला का मनातल्या मनात सतराचा पाढा म्हणाचा. दोनाचा नाही म्हणाचा. सोपा असला का ध्यान माराकडेच राहते. सतराचा कठीण हाय, तिकडे ध्यान जाते. एकशे सत्तर होतपर्यंत बाबा थकतेत.”

त्याने हे सांगितले ते एखाद्या चांगल्या मास्तरासारखे, नीट समजावून. ती तणसावर बसली.

“मग काय म्हणाला अश्विन?”

“रडला. लय रडला. म्हणून मले वाटलं, त्याले लयच मार पडत असन.” थोडे थांबून तो म्हणाला, “मी त्याले अर्धा डबा देतो. तुमी इकडे आल्या, त्याचा डबा नाही येत न आता. पण खात नाही तो. हातात धरून बसते.”

“वीरेंद्र, स्वेटर वर कर जरा.”

त्याने आधी नकाराची मान हलवली. मग इकडेतिकडे पाहून पाठ तिच्याकडे केली आणि स्वेटर वर उचलला.

ते दोरीचे नव्हते.

सुमित्राला त्या क्षणी सगळे दिसले, आणि तिचा नऊ दिवसांचा गर्व त्या तणसावरच गळून पडला. शाळेने वळ शोधले खरे, पण चुकीच्या हातावर शोधले. खऱ्या वळांचे पोर त्याच ऑफिसात तिच्यासमोर खुर्चीवर बसले होते, ओठाला टाके घेऊन. तिने एक सही करून सगळ्यांचे डोळे दुसरीकडे फिरवले होते. आणि हे लेकरू, ज्याच्याकडे देण्यासारखे काही नव्हते, ते आपले एकुलते एक औषध आपल्याला छळणाऱ्याला देऊन बसले होते… एका खोट्यापायी. तिला वाटले होते, आपण फक्त स्वतःचे दिले. पण तिने याचेही देऊन टाकले होते.

“बाळा,” ती म्हणाली, “मी उद्या शाळेत येते. तू ये उद्या. चुकू नको.”

दिवे लागल्यावर तिने सोमाजीला सगळे सांगितले, पहिल्यापासून. सोमाजी गावातल्या दोन वडीलधाऱ्यांना घेऊन प्रविणच्या दारात गेला आणि बराच वेळ तिथेच बसला. परत आल्यावर एवढेच म्हणाला, “आज काही करत नाही तो. पण रोज कोण बसन त्याच्या दारात? तुझ्या मॅडमले सांग.”

सकाळच्या पहिल्या गाडीने ती पवनीला उतरली. घरी पोचली तेव्हा सेवकराम मागावर होता आणि अश्विन दप्तर भरत होता. तिला दारात पाहून पोराच्या हातातले पुस्तक खाली पडले. माग थांबला.

“मी राहाले नाही आली,” ती सेवकरामला म्हणाली. “याच्याशी एक बोलणं हाय. तुमी ऐकलं तरी चालन.”

ती अश्विनच्या समोर जाऊन उभी राहिली.

“काल वीरेंद्र मले खळ्यावर भेटला. त्यानं मले सांगतलं, अश्विनले मारत नका जाऊ.”

अश्विनचा चेहरा पांढरा पडला.

“मी ऑफिसात हो म्हटलं ते तुझ्यासाठी म्हटलं. चुकलं माझं. त्याच्या पाठीवर खरे वळ हायेत रे, आणि आपण दोघांनी मिळून ते झाकून टाकले. आता खरं सांगाचं हाय. मी सांगू शकते, पण मी सांगतलं तर ते माझं होईन, तुझं नाही होणार. दाखला मिळन कदाचित. मिळाला तर मिळाला. दुसऱ्या शाळेत मी पायी पोचवून देईन तुले रोज. पण आज तू सांगशील.”

“काय सांगाचं?” सेवकराम मागाच्या खड्ड्यातून वर आला. “काय चालून राहिलं हे? कायचे वळ?”

अश्विनने दोन्ही हात बापासमोर धरले. हातांवर आता काहीच नव्हते.

“त्या रविवारी ताणा ओढला न बाबा, त्याचे वळ उठले होते. मॅडमनं विचारलं कोणं मारलं, तर मी… मी हिचं नाव घेतलं. हिनं कधीच नाही मारलं मले. वीरेंद्रले मी मारत होतो. मले शाळेतून काढणार होते, म्हणून ही हो म्हणाली.”

सेवकराम पोराच्या त्या कोऱ्या हातांकडे पाहत राहिला. रविवारी दोरीच्या दुसऱ्या टोकाला तो स्वतः उभा होता. त्याने एकदा वळून पोराचा हात पाहिला असता, संध्याकाळी तेलाचे बोट लावले असते, तर हे काहीच झाले नसते. त्याच्या चेहऱ्यावर रक्त चढले आणि त्याने हात उगारला.

सुमित्राने तो हात हवेतच धरला. दोन वर्षांत तिने नवऱ्याचा हात असा कधी धरला नव्हता.

“याले मारलं तर मी खरंच या घरात पाय ठेवणार नाही,” ती म्हणाली, आवाज न वाढवता. “मारून कोणी शिकत असतं तर प्रविणचा पोट्टा कलेक्टर झाला असता. मारू नका. विचारा त्याले.”

हात खाली आला. मग सेवकरामने विचारले, आणि त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

“काहून मारत होता रे त्याले?”

अश्विन भिंतीला टेकला. “तो डबा उघडते न, तवा हसते. म्हणते, आज मायनं हे देलं, आज मायनं ते देलं. रोज म्हणते. मले ते ऐकू नाही वाटत. घरी कोणी मायचं नाव घेत नाही, आणि तिथं तो रोज घेते… पहिल्यांदा नुसता डबा ओतला मी. मग सारे हसले. सारे हसले तर मले बरं वाटलं. मग रोज केलं.”

सेवकराम खाली बसला. तीन वर्षे जे रडणे त्याने धाग्यासोबत गुंडाळून ठेवले होते, ते सगळे एकदम सुटले. तो पोरासारखा रडला, सुनेने पदरात तोंड लपवावे तसे उपरण्यात तोंड लपवून. “मी बंद केलं तिचं नाव,” तो म्हणत होता. “मले सहन नव्हतं होत. मले वाटलं, लहान हाय, इसरून जाईन…”

अश्विन भिंत सोडून बापाजवळ येऊन बसला. सुमित्रा त्या दोघांत गेली नाही. ती आत गेली आणि डबा भरला. थोड्या वेळाने तिने फक्त म्हटले, “घंटा होईन शाळेची. उठा.”

तिघेही शाळेत गेले. ऑफिसात अश्विनने सांगितले. सांगताना तो दोनदा थांबला, पण सुमित्राने त्याचे वाक्य पुरे करून दिले नाही. स्वातीमॅडमने कपाळाला हात लावला.

“मी वळ पाहिले,” त्या म्हणाल्या, “आणि कशाचे ते एकदाही विचारलं नाही. मला वाटलं मला माहीत आहे.”

“तुमी चांगल्यासाठीच केलं,” सुमित्रा म्हणाली. “आता खरे वळ पाहा मॅडम. वीरेंद्रच्या पाठीवर हायेत. त्याची माय सांगणार नाही, तिलेबी पडत असन. तुमाले कोणाले सांगाचं ते सांगा, माझा भाऊ साक्षीले उभा राहीन.”

मॅडमने तिथेच फोन उचलला. मुख्याध्यापक मात्र अश्विनकडे पाहत होते.

“दाखल्याची भीती नाही वाटली तुला?”

“वाटते सर.”

“मग?”

“त्यानं मले पाढा शिकवला,” अश्विन म्हणाला. “मार पडत असन म्हणून. आणि मले तर पडतच नव्हता.”

मुख्याध्यापकांनी सुमित्राचा कागद फाईलमधून काढून तिच्या हातात दिला. “शाळा समितीपुढे विषय ठेवावा लागेल,” ते म्हणाले. “मी माझं मत मांडीन. खोटं लपवायला आलेले पुष्कळ पालक पाहिले मी. आज पहिल्यांदा उलटं पाहिलं. मुलगा याच शाळेत राहील, माझ्याकडून होईल तेवढं करीन. पण वर्गात जाऊन वीरेंद्रसमोर बोलावं लागेल, अश्विन. इथं बोलणं सोपं होतं.”

वर्गाच्या खिडकीशी सुमित्रा उभी राहिली. सेवकराम फाटकाजवळच थांबला, त्याला पाहवणार नव्हते. आत अश्विन वीरेंद्रच्या बाकापाशी उभा राहून बोलत होता. सगळे शब्द तिला ऐकू येत नव्हते, पण वीरेंद्रचा चेहरा दिसत होता. आधी त्याला समजले नाही. मग समजले. त्याच्या चेहऱ्यावर जे आले तो राग नव्हता, राग परवडला असता. त्याने आपले दप्तर उचलले, डबा उचलला, आणि मागच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसला, तोंड भिंतीकडे करून.

मागून कोणीतरी म्हणाले, “काय रे अश्विन, सतरा एके किती?” सगळा वर्ग हसला. दुसरा म्हणाला, “सावत्र मायच्या नावानं बिल फाडते बे हा,” आणि पुन्हा हशा झाला.

सुमित्राने खिडकीचा गज घट्ट धरला. याहून कमी शब्दांवर या पोराने लोकांचे ओठ फोडले होते. तिने त्याची मूठ वळताना पाहिली. खांदे वर आलेले पाहिले. आत जावे, हात धरावे, असे तिच्या पायांना वाटले, पण तिने पाय हलू दिले नाहीत. अश्विन तसाच उभा होता. मग मूठ सुटली. तो आपल्या बाकावर बसला, एकटा, दोन्ही तळहात बाकावर उघडे ठेवून, आणि सगळे हसून संपेपर्यंत तसाच बसून राहिला.

तिला वाटले, या क्षणी साऱ्या पवनीला हाक मारून इथे आणावे आणि म्हणावे, पाहा… हे माझं पोर.

फाटकापाशी सेवकरामने विचारले, “काय झालं?”

“सांगतलं त्यानं. साऱ्यांसमोर.”

“मग तो पोट्टा?”

“उठून गेला दुसऱ्या बाकावर.”

“म्हणजे माफ नाही केलं.”

“काहून करन? त्याचं दुखणं हाय, तो ठरवन केव्हा करायचं ते.” तिने डोळे पुसले, आणि हसली. “पण आपलं पोरगं बसून राहिलं वो. सारे हसले, तरी बसून राहिलं.”

दोघे गल्लीत शिरले तेव्हा नळावर बाया होत्या. सुमित्रा नेहमीसारखी मान ताठ ठेवून पुढे निघाली, पण सेवकराम थांबला. चार माणसांत दोन वाक्ये न बोलणारा माणूस, त्याने घसा साफ केला.

“काकी,” तो धुरपताबाईला म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असे. “पोट्ट्याच्या हातावरचे वळ ताण्याच्या दोरीचे होते. मी बाप, मी विणकर, मी पाहिले नाही. इनं माझ्या पोराची शाळा वाचवाले खोटा आळ अंगावर घेतला. मी तिले घराबाहेर काढलं. चूक माझी हाय. ज्याले त्याले सांगा.”

धुरपताबाईची घागर भरून वाहू लागली. मग हळूच तिने ती घागर उचलली आणि सुमित्राच्या ओट्यावर नेऊन ठेवली. “नऊ दिवसांचं पाणी भराचं असन तुले,” ती पुटपुटली. “घे. ही भरलेली हाय.”

घरात आल्यावर सेवकराम दारातच घुटमळला. “तुले माझ्यासाठी नाही आणलं, असं बोललो मी त्या दिवशी…”

“तवा उपाशी होता तुमी,” सुमित्रा म्हणाली. “बसा, चहा टाकते.”

पाच वाजता अश्विन आला. दप्तर खुंटीला लावले, हातपाय धुतले, रिकामा डबा मोरीवर ठेवला. सुमित्राने विचारले काही नाही. सेवकराम मागावर होता, पण धोटा हलत नव्हता.

“बोलला नाही तो माझ्याशी,” अश्विन म्हणाला. “दिवसभर. डबाबी भिंतीकडे तोंड करून खाल्ला. मॅडमनं त्याच्या मायले बोलावणं धाडलं.”

“हं.”

“उद्याबी नाही बोलणार.”

“नसन बोलत.”

त्याने दप्तरातून वही काढली. मग वही उघडत, तिच्याकडे न पाहता म्हणाला, “मी उद्या लवकर जातो. कोणी त्याचा डबा ओतला तर… आता दुसरे ओततीन न, मी सुरू केलं ते. मी दाराजवळ बसीन.”

सुमित्राने भाजी चिरायला घेतली. डोळ्यांना धार लागली होती, आणि समोर कांदा नव्हता, नुसती लौकी होती. तिने डोळे पुसले नाहीत. पोराने पाहिले तर पाहू दे.

“किती वाजता उठवू?” तिने विचारले.